घराबद्दलची उपकारस्तुती आणि क्षमेबद्दलची उपकारस्तुती

रविवारच्या उपासनेत सूचना वाचल्या जातात. अमुक कुटुंबाकडून मुलाच्या वाढदिवसानिमित्त उपकारस्तुतीचे, म्हणजे देवाचे आभार मानण्याचे, अर्पण 501 रुपये, तमुक यांच्याकडून नवी गाडी घेतल्याबद्दल 1,001 रुपये. पुढे आठवड्यातल्या घरगुती सभेत साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगण्याची, वेळ येते, तेव्हा कोणीतरी उठून जरा ठसक्यात सांगते, "गाडी-बंगला सगळं नाशवंत आहे. मला प्रभूनं आत्मिक आशीर्वाद दिला. मला शांती मिळाली." सगळे आमेन म्हणतात. घोळ होतो तो इथेच. पहिल्या दोघांनी ऐहिक आशीर्वादाबद्दल आभार मानले. तिसऱ्यानेही ऐहिक आशीर्वादाबद्दलच मानले, फक्त त्याच्या आशीर्वादाला चाके नव्हती.

ऐहिक बाजूवर फार लिहायची गरज नाही, ती सगळ्यांना पाठ आहे. नोकरी, पाऊस, व्हिसा, नीट पार पडलेले ऑपरेशन, घरात आलेले बाळ. याकोबाच्या पत्रात प्रत्येक उत्तम देणगी वरून येते असे म्हटले आहे, आणि बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात पोटभर जेवल्यावर परमेश्वराला धन्यवाद द्यायला सांगितले आहे. प्रभूच्या प्रार्थनेतही आधी रोजची भाकर आहे, मग क्षमा. त्यामुळे हंगामाच्या सणात कोंबड्या, नारळ आणि मेथीच्या जुड्यांचा लिलाव चाललेला बघून नाक मुरडणारे जे 'आत्मिक' लोक असतात, त्यांचे माझे जमत नाही. मेथीबद्दल देवाचे आभार मानणे ही पूर्ण ख्रिस्ती गोष्ट आहे. माझी तक्रार एवढीच की नव्या घराच्या उपकारस्तुतीला दरवेळी 'परमेश्वर घर बांधीत नाही तर' हे स्तोत्र 127 निघते आणि मोठी कोठारे बांधायचा बेत करून त्याच रात्री मरणारा लूक 12 मधला श्रीमंत शेतकरी कधीच निघत नाही. बांधकाम तर त्याचेही चालले होते.

आता दुसरी बाजू. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात तिसऱ्या वचनात प्रेषित पौल म्हणतो की देवाने आपल्याला ख्रिस्तामध्ये प्रत्येक आत्मिक आशीर्वाद दिला आहे, आणि मग तो थांबतच नाही. मूळ ग्रीकमध्ये तिसऱ्यापासून चौदाव्या वचनापर्यंत एकच वाक्य आहे. या वाक्यात त्याने काय काय मोजले ते पाहा. जगाच्या स्थापनेपूर्वी झालेली निवड. दत्तक घेतले जाणे. रक्ताने मिळालेली मुक्ती आणि अपराधांची क्षमा. देवाच्या इच्छेचे रहस्य कळणे. वतन. पवित्र आत्म्याचा शिक्का आणि त्या वतनाचा विसार. यादी संपली.

तिच्यात आरोग्य नाही, हे कोणालाही दिसते. पण तिच्यात मनाची शांती नाही, ऐकलेल्या प्रार्थनेची गोष्ट नाही, दर्शन नाही, आत्म्याच्या प्रेरणेने बोललेल्या अन्य भाषा नाहीत, सेवेत आलेले यश नाही. आणि हे लिहिणारा त्याच पत्रात स्वतःला बंदिवान म्हणवतो, साखळदंडाचा उल्लेख करतो. म्हणजे ऐहिक हिशेबात ज्याच्या वहीवर जमेला काही नव्हते, तो माणूस श्वास न घेता आभार मानत सुटला होता.

लोक अडखळतात ते नेमके इथे. आपण डोक्यात अशी विभागणी करून बसलोय की दिसते ते ऐहिक आणि दिसत नाही ते आत्मिक. पौलाची विभागणी अशी नाहीच. परिस्थितीबरोबर जे येते आणि परिस्थितीबरोबर जाऊ शकते, ते ऐहिक, मग ते दिसो वा न दिसो. ख्रिस्तात एकदा दिले गेले आणि तुमचा दिवस कसा गेला यावर जे अवलंबून नाही, ते आत्मिक. या कसोटीवर मनाची शांती ऐहिकच्या रकान्यात जाते. चांगली झोप लागली तर येते, थायरॉईड बिघडला तर जाते. ती देवाचीच देणगी आहे, तिच्याबद्दल आभार जरूर माना. पण ती गेली की आपला आत्मिक आशीर्वाद गेला असे समजणारी माणसे मी मंडळीत पाहतो, तेव्हा हा फरक नुसता पुस्तकी राहत नाही. नैराश्याने ग्रासलेली एखादी विश्वासू बाई दर सभेत 'शांती मिळाली' ऐकत बसते आणि घरी जाऊन ठरवते की माझ्यातच विश्वास कमी आहे.

रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाची सुरुवात काढा. तिथे शांती आहे, पण ती देवाबरोबरची शांती आहे. वैर संपले, तंटा मिटला, निकाल लागला. या शांतीला मनाच्या अवस्थेशी बांधलेले नाही, कारण दोनच वचने पुढे पौल संकटांचे बोलू लागतो. बेचाळिसाव्या स्तोत्राचा कर्ता स्वतःच्या जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि ते देवालाच उद्देशून आहे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः म्हणाला की माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे. मनःशांती हाच आत्मिक आशीर्वादाचा पुरावा धरायचा, तर त्या रात्री बागेत झोपलेले शिष्य जास्त आशीर्वादित ठरतील.

दुसरे नकली नाणे म्हणजे वरदाने. अन्य भाषा, संदेश, रोग बरे करण्याचे दान. यांच्या मागे 'आत्मिक' हा शब्द लागतोच, म्हणून गोंधळ आणखी पक्का होतो. पण करिंथकरांस पहिल्या पत्राचा बारावा अध्याय सांगतो की ही दाने आत्मा आपल्या इच्छेनुसार वाटून देतो, एकाला हे, दुसऱ्याला ते. इफिसच्या यादीत वाटणी नाही. तिथे सगळे सगळ्यांना आहे, दत्तकपण पाळकसाहेबांना जास्त आणि चर्चचे आवार झाडणाऱ्या मावशींना कमी असे नाही. करिंथची मंडळी कोणत्याही दानात उणी नव्हती असे पौल स्वतःच लिहितो, आणि त्याच मंडळीत गटबाजी, कोर्टकचेऱ्या आणि प्रभुभोजनाच्या वेळी एक उपाशी तर दुसरा मस्त असा प्रकार चालला होता. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूने पाठवलेले सत्तर जण सेवेवरून हर्षाने परततात. भुतेसुद्धा आम्हांला वश होतात, असा त्यांचा अहवाल. याहून 'आत्मिक' साक्ष कोणती? प्रभू त्यांना खोटे पाडत नाही, उलट मीच तुम्हांला तो अधिकार दिला असे सांगतो. मग म्हणतो, यात आनंद मानू नका. तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत, त्यात माना.

आपल्याकडे 1905 साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात जागृती झाली. तिची आठवण निघाली की बोलणे पाच मिनिटांत अन्य भाषांवर येते. तिथल्या मुली आपल्या पापांसाठी रडल्या, पापे कबूल केली, क्षमा मिळाल्याच्या आनंदात उभ्या राहिल्या, हा भाग सांगणाऱ्याला कंटाळवाणा वाटत असावा.

हिशेबाच्या भाषेत बघायचे तर ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे 1895 साल घ्या. त्या वर्षी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ऐहिक वहीत ते वर्ष निव्वळ तोट्याचे. जात गेली, नातलग गेले, पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू पुढची काही वर्षे त्यांच्यापासून वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. घरगुती सभेतल्या आपल्या चालीने टिळकांना साक्ष द्यायला उभे केले असते, तर 1895 बद्दल त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काहीच नव्हते. आणि तरी उपासना संगीत हे भजनांचे पुस्तक उघडून आपण आजही ज्यांची भजने म्हणतो ते हेच टिळक.

हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात हाच हिशेब शेतीच्या भाषेत आहे. अंजीर फुलला नाही, द्राक्षाला फळ नाही, जैतून बुडाले, शेतात पीक नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी तारण देणाऱ्या देवाविषयी उल्लास करीन. नीट बघा, तो दुष्काळाबद्दल आभार मानत नाही. कॅन्सरच्या वॉर्डात जाऊन "याबद्दलही देवाला धन्यवाद द्या" म्हणणाऱ्यांनी हा भाग परत वाचावा. गेलेले गेले असे तो सहाही वस्तूंची नावे घेऊन सांगतो, आणि आनंद मानतो तो सातव्याच गोष्टीचा, जिला टोळ लागत नाहीत.

जुन्या प्रार्थना लिहिणाऱ्यांना हे बरोबर कळले होते. अँग्लिकन परंपरेत 1662 च्या प्रार्थनापुस्तकात सर्वसाधारण उपकारस्तुतीची एक प्रार्थना आहे. नॉर्विचचे बिशप एडवर्ड रेनल्ड्स यांनी ती रचली असे मानतात. तिच्यात निर्मिती, रक्षण आणि या जीवनातले सगळे आशीर्वाद यांबद्दल आधी आभार आहेत, आणि मग 'पण सर्वांहून अधिक' असे म्हणून ती ख्रिस्ताने केलेल्या जगाच्या उद्धाराकडे, कृपेच्या साधनांकडे आणि गौरवाच्या आशेकडे वळते. दोन्ही बाजू आहेत, आणि कोणती कोणत्या पायरीवर तेही स्पष्ट आहे. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनाविधीत, प्रभूचे आभार नेहमी आणि सर्वत्र मानणे योग्य आहे असे म्हटले जाते. वसईच्या चर्चमध्ये लग्नाच्या मिस्सालाही आणि अंत्यविधीच्या मिस्सालाही ते तसेच राहते. शवपेटी समोर असताना 'नेहमी' म्हणता येते, कारण ते आभार शवपेटीतल्या माणसाच्या प्रकृतीबद्दल कधी नव्हतेच. उलट वांद्र्याला मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेत सप्टेंबरमध्ये दुकानांवर मेणाचे घर मिळते, मेणाचा हात, पाय, बाळ मिळते. जे मागायचे किंवा मिळाले त्याचा आकार. भाविकांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही, पण पापक्षमेचा साचा कोणत्याच दुकानात नाही, आणि प्रोटेस्टंटांनी यावर हसू नये. आपल्या अर्पणाच्या पाकिटांवरही 'निमित्त' या रकान्यात कोणी 'क्षमा' लिहीत नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. हात वर करून की मिटून, टाळ्या वाजवून की पेटीवर, मराठीत की वर्शिपच्या हिंदी-इंग्रजी गाण्यांत, याने दोन्हींपैकी काहीच ठरत नाही. साक्षीत रडू आले म्हणून ती आत्मिक होत नाही. पाच मिनिटांवर गेलेली साक्ष मात्र कोणत्याही रकान्यात बसत नाही.

हा फरक पाळला नाही तर मंडळीत काय होते, ते प्रत्येकाने पाहिलेले आहे. बारशाच्या उपकारस्तुतीत यजमान म्हणतात, "देवानं आमच्यावर कृपा केली." तिसऱ्या रांगेत लग्नाला बरीच वर्षे झालेले, मूल नसलेले जोडपे बसलेले असते. कृपा म्हणजे बाळ, असा अर्थ त्यांच्यापर्यंत पोहोचतो, म्हणजे त्यांच्यावर नाही. यजमानांनी आनंद लपवावा असे मी म्हणत नाही. बाळ दिल्याबद्दल आभार माना आणि त्याच प्रार्थनेत असेही काही बोला ज्याला तिसऱ्या रांगेतल्यांनाही मनापासून आमेन म्हणता येईल. तसे बोलायला फक्त आत्मिक यादीच उपयोगी पडते, कारण ती सभेतल्या सर्व विश्वासणाऱ्यांची सारखी आहे.

अर्थात या यादीचाही तोरा करता येतोच. लूक 18 मधला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी, मंदिरात उभा राहून करतो ती उपकारस्तुतीच असते, "हे देवा, मी तुझे आभार मानतो" अशीच तिची सुरुवात आहे. त्याने गाडी-बंगल्याचे नावही घेतले नाही. उपास आणि दशांश, सगळे धार्मिकच. घसरला तो शेजारच्या जकातदाराकडे बोट करून. क्षमेबद्दल आभार मानणाऱ्याला असे बोट करताच येत नाही, कारण क्षमा मिळाली असे म्हणायचे तर आधी अपराध होता असे म्हणावे लागते. म्हणूनच ही साक्ष सभेत दुर्मिळ असावी.

आणि परतफेडही वेगळी आहे. पगारवाढीबद्दल पाकीट देता येते. क्षमेबद्दल काय देणार? मत्तयच्या अठराव्या अध्यायात राजा ज्या दासाचे कर्ज सोडतो ते दहा हजार तालांत आहे. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी माफ झाली. बाहेर येऊन तो सोबतीचा गळा धरतो 100 दिनारांसाठी. कर्ज सोडताना राजाने पैसे परत मागितले नव्हते, अर्पणही मागितले नव्हते. नंतर त्याने विचारले ते हे, मी तुझ्यावर दया केली तशी तू सोबतीवर करायला नको होती का. तेव्हा ज्या भावाशी बांधावरून किंवा फ्लॅटच्या हिश्श्यावरून बोलणे बंद आहे, त्याला फोन करणे ही क्षमेबद्दलची उपकारस्तुती आहे. रविवारच्या सूचनांत ती वाचली जाणार नाही आणि तिची पावतीही मिळणार नाही.