पत्ता नसलेला कचरा

अलास्काच्या पश्चिमेला बेरिंग समुद्रात प्रिबिलोफ बेटं आहेत. फर सील दर उन्हाळ्यात विणीसाठी इथे जमतात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांची संख्या घटू लागली. माद्यांची व्यापारी शिकार थांबून तोवर काही वर्षं झाली होती, त्यामुळे कोडं सुटेना. संशोधकांना काही सीलांच्या गळ्यात ट्रॉलर जाळ्यांचे तुकडे आणि खोक्यांना बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या दिसत होत्या. पिल्लू खेळता खेळता त्यात मान घालतं, वाढतं, आणि फास आवळत जातो. घट नेमकी किती त्यामुळे झाली यावर पुढे बरेच वाद झाले. पण अमेरिकी सरकार सागरी कचऱ्याचा पद्धतशीर अभ्यास करू लागलं ते या सीलांपायी.

त्याआधी काहीच माहीत नव्हतं असं नाही. अटलांटिकमधल्या सारगासो समुद्राच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचे बारीक कण सापडल्याची नोंद १९७२ मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात आली होती. त्याच वर्षी अमेरिकेने समुद्रात कचरा टाकण्यावर कायदा केला आणि लंडनचा आंतरराष्ट्रीय करारही झाला. मात्र दोन्हींचा रोख होता जमिनीवरून मुद्दाम नेऊन ओतल्या जाणाऱ्या कचऱ्यावर. जहाजावर रोज साठणारा कचरा किंवा मच्छीमाराचं फाटलेलं जाळं त्यात बसत नव्हतं. एकेकाळी त्याने बिघडतही नव्हतं, कारण सुताचं किंवा तागाचं जाळं पाण्यात कुजून जायचं. नायलॉन आलं आणि तो हिशेब संपला. आपल्या कोळीवाड्यांतही जाळ्यांचा हा बदल झालाच.

नोव्हेंबर १९८४ मध्ये होनोलुलूला सागरी कचऱ्यावरची पहिली मोठी कार्यशाळा भरली. पाठोपाठ, १९८५ मध्ये, नोआ या समुद्र आणि हवामान पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या मत्स्य विभागात जाळ्यांत अडकणाऱ्या प्राण्यांवर संशोधन करणारा कार्यक्रम सुरू झाला. नाव मोठं, पैसा बेताचा.

लोकांचं लक्ष मात्र सीलांनी नव्हे, सुयांनी वेधलं. १९८७ आणि १९८८ च्या उन्हाळ्यांत न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या किनाऱ्यांवर कचऱ्यासोबत इंजेक्शनच्या सिरिंज वाहून आल्या. एड्सच्या भीतीचा तो काळ. ऐन हंगामात पुळणी ओस पडल्या आणि हॉटेलवाल्यांची ओरड थेट वॉशिंग्टनपर्यंत पोचली. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेने मार्पोल या, जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं पाचवं परिशिष्ट स्वीकारलं. जहाजावरून प्लास्टिक समुद्रात फेकायला त्यात पूर्ण बंदी आहे. अमेरिकेची जहाजं धरल्यावर जगाच्या निम्म्या जहाज-टनभाराची अट पुरी झाली आणि ३१ डिसेंबर १९८८ पासून ते लागू झालं. खुद्द अमेरिकी नौदलाला मात्र पुढे मुदतवाढ घ्यावी लागली. अखेर युद्धनौकांवर प्लास्टिक वितळवून, दाबून त्याच्या चकत्या करणारी यंत्रं बसली.

याच सुमारास, १९८६ मध्ये, टेक्सासच्या किनाऱ्यावर स्वयंसेवकांनी कचरा नुसता उचलला नाही, तर छापील तक्त्यावर मोजून लिहिला. हे काम एका बिगरसरकारी संस्थेचं, पण कायद्यासाठी आकडे लागतात आणि ते इथून मिळू लागले. सप्टेंबरचा तिसरा शनिवार आज आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिवस म्हणून पाळतात तो याच उपक्रमातून आला. भारत सरकारची २०२२ ची ७५ दिवसांची ‘स्वच्छ सागर, सुरक्षित सागर’ मोहीम १७ सप्टेंबरला, म्हणजे त्याच शनिवारी, संपली. त्या दिवशी जुहूच्या वाळूत मंत्रीही उतरले होते.

नोआचा तो पहिला कार्यक्रम १९९० च्या दशकाच्या मध्यावर पैशाअभावी थंडावला. गंमत म्हणजे उत्तर पॅसिफिकमधल्या तरंगत्या प्लास्टिकची मोजदाद १९८८ मध्ये नोआसाठीच झाली होती, पण गाजावाजा झाला तो १९९७ मध्ये चार्ल्स मूर हे अमेरिकी नौकानयनपटू आपल्या शिडाच्या बोटीतून त्या भागातून गेले त्यानंतर. मग ‘कचऱ्याचं बेट’ हा शब्द रूढ झाला. तिथे बेट वगैरे काही नाही, बहुतेक बारीक तुकडे आहेत, हे सांगून नोआचे लोक थकले असतील. २००५ मध्ये नोआने सागरी कचऱ्याचा स्वतंत्र विभाग काढला आणि डिसेंबर २००६ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. विधेयक हवाईचे सिनेटर डॅनियल इनोये यांचं, साथ अलास्काच्या टेड स्टीव्हन्स यांची. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. दोघांच्याही किनाऱ्यांवर दुसऱ्यांचा कचरा येऊन पडत होता.

दुसऱ्यांचा म्हणजे कुणाचा, हे सहसा सांगता येत नाही. अपवाद घडला ५ जून २०१२ ला. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या अगेट बीचवर ६६ फूट लांबीचा काँक्रीट-पोलादाचा तरंगता धक्का येऊन लागला. त्यावर जपानी अक्षरांची पाटी होती. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत तो जपानच्या मिसावा बंदरातून सुटला होता. पंधरा महिन्यांनी, अख्खा पॅसिफिक ओलांडून आलेला हा कचरा पत्त्यासकट आला होता! त्याच्या अंगावर जपानी शेवाळं, शिंपले, खेकडे जिवंत होते. परकी जीव इथे रुजू नयेत म्हणून ते घाईने खरवडून पुळणीत पुरले. त्सुनामीच्या कचऱ्यावरून जपानचे जवळपास ३०० प्रकारचे जीव अमेरिकेच्या किनाऱ्यांवर पोचल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्सुनामीत सुमारे ५० लाख टन अवशेष समुद्रात गेले आणि त्यातले १५ लाख टन तरंगत राहिले, असा जपान सरकारचा अंदाज होता. निसर्गाने केलेल्या या प्रकाराची कायदेशीर जबाबदारी जपानवर नव्हती, तरी त्याने सफाईसाठी अमेरिकेला ५० लाख डॉलर दिले. २०१२ मध्येच कायद्यात दुरुस्ती होऊन अशा घटना ‘तीव्र’ ठरवून हाताळायची तरतूद आली. २०१८ आणि २०२० मध्ये आणखी दोन कायदे झाले. दुसऱ्याने तर कचरा मुळात समुद्रात जाऊच नये, इथपर्यंत हात घातला.

वायव्य हवाईच्या प्रवाळांवरून जाळी काढण्याचं काम मात्र १९९६ मध्ये सुरू झालं तेव्हा होतं तसंच आहे. पाणबुडे खाली उतरतात, प्रवाळाला धक्का न लावता जाळं चाकूने कापतात आणि हातांनी ओढून छोट्या होडीत घेतात. होनोलुलूला आणलेल्या जाळ्यांचे तुकडे करून ती वीजकेंद्रात जाळण्याची सोयही झाली. यातलं बरंचसं जाळं हवाईच्या मच्छीमारांचं नाहीच. कुणाचं, ते कळायला त्यावर पाटी नसते.