कॉलेजचे एल्फिन्स्टन वेगळे, स्टेशनचे वेगळे

एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव 2018 मध्ये प्रभादेवी झालं. त्या सुमारास वाद घालणारे दोन तट पडले होते. एक म्हणायचा, महाराष्ट्रात आधुनिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्या माणसाचं नाव पुसलं. दुसरा म्हणायचा, बरं झालं, पेशवाई बुडवणारा गेला. गंमत म्हणजे दोघेही भलत्याच माणसाबद्दल भांडत होते. शिक्षणाचा पाया आणि पेशवाईचा शेवट, दोन्ही माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या खात्यावर आहेत आणि स्टेशन त्याच्या नावाचं नव्हतंच. ते होतं त्याच्या पुतण्याचं, लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनचं. दोघेही मुंबईचे गव्हर्नर, त्यामुळे गल्लत होते खरी.

आधी काका. माउंटस्टुअर्ट (1779–1859) पुण्यात रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी होता. मराठी कागदपत्रांतला ‘अलपिष्टन’ तो हाच. नोव्हेंबर 1817 मध्ये खडकीची लढाई झाली तेव्हा संगमावरची त्याची रेसिडेन्सी मराठ्यांनी जाळली, त्यात त्याची पुस्तकंही गेली. पुढे पेशव्यांचा मुलूख कंपनीकडे आला आणि त्याची व्यवस्था लावायचं काम त्याच्याचकडे आलं. 1819 ते 1827 तो मुंबईचा गव्हर्नर.

या माणसाचं शिक्षणाचं धोरण नीट बघण्यासारखं आहे, कारण त्याला नुसता ‘इंग्रजी आणणारा साहेब’ म्हणणं चूक ठरतं. पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. त्या दक्षिणेच्या पैशातला काही भाग वळवून 1821 मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली गेली. सत्ता गेलेल्या, नाराज पुण्याला सांभाळून घेण्याचा हेतू त्यामागे उघड होता. शिक्षणावरच्या त्याच्या टिपणात मात्र भर आहे तो देशी भाषांतल्या शाळांवर, छापील पुस्तकांवर आणि शिक्षकांवर. इंग्रजीचे वर्ग हवेत, पण ते वरच्या टप्प्यावर. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये बाहेर पडला, त्याचं काम याच काळात मार्गी लागलं. यामागे मराठीचं प्रेम किती आणि कारभाराची सोय किती, हे ज्याने त्याने ठरवावं. माझ्या मते सोयीचं पारडं जड आहे, पण फायदा झाला तो झालाच. त्याच्या तंबूच्या कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहून ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने ‘हे कशाला?’ असं विचारलं, तेव्हा तो म्हणाला म्हणे, इथल्या लोकांना शिकवायला, पण हाच आपला युरोपला परत जायचा रस्ता आहे.

एल्फिन्स्टन कॉलेज त्याने काढलं, असं सर्रास लिहिलं जातं. तेही तितकंसं बरोबर नाही. 1827 मध्ये तो निघाला तेव्हा संस्थानिक, सावकार, शेटजी अशा एतद्देशीय मंडळींनी त्याच्या स्मरणार्थ वर्गणी काढली आणि दोन लाख रुपयांहून जास्त जमवले. त्या पैशातून त्याच्या नावाने प्राध्यापकांच्या जागा निर्माण झाल्या, त्यांतून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली आणि 1856 मध्ये हायस्कूल वेगळं होऊन कॉलेज स्वतंत्र झालं. म्हणजे नाव साहेबाचं, पण पैसा इथल्या लोकांचा. बाळशास्त्री जांभेकर आणि दादाभाई नौरोजी तिथे शिकवत होते. रानडे, भांडारकर, फिरोजशहा मेहता आणि पुढे बाबासाहेब आंबेडकर तिथेच शिकले. राज्यकर्त्यांचे हिशेब मांडायला बसलेल्या माणसांची ही यादी त्या साहेबाला आवडली असती की नाही, सांगवत नाही.

आता पुतण्या. जॉन हा तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. आधी मद्रासचा आणि 1853 ते 1860 मुंबईचा गव्हर्नर. त्याचाही शिक्षणाशी संबंध आहे आणि इथेच घोळ वाढतो. 18 जुलै 1857 ला मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला आणि गव्हर्नर म्हणून तोच पहिला कुलपती. उत्तरेत बंड पेटलेलं असताना इथे विद्यापीठ उघडत होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पोलीसप्रमुख फोर्जेटने मुंबईतल्या शिपायांचा कट उघडकीला आणला आणि आज जिथे आझाद मैदान आहे त्या भागात दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. शैक्षणिक धोरण म्हणून या जॉनसाहेबाचं स्वतःचं असं फारसं काही दाखवता येत नाही. विद्यापीठाची योजना 1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यातून, म्हणजे लंडनहून आलेली.

फोर्टातलं एल्फिन्स्टन सर्कलही पुतण्याच्याच नावाचं. स्वातंत्र्यानंतर ते हॉर्निमन सर्कल झालं. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन इंग्रज होते, पण सरकारवर टीका करतात म्हणून इंग्रज सरकारनेच त्यांना 1919 मध्ये हद्दपार केलं होतं. तेव्हा नामांतराची ही गाडी प्रभादेवीपासून सुटलेली नाही.

कुठलं नाव कोणाचं, हे ओळखायचं असेल तर साल बघा. 1827 च्या आधीची हकीकत असेल तर काका, 1853 नंतरची असेल तर पुतण्या. दुसरी खूण ‘लॉर्ड’ या शब्दाची. माउंटस्टुअर्ट कधीच लॉर्ड नव्हता. तो घरातला धाकटा मुलगा, उमरावपद भावाकडे गेलं आणि त्याच्याकडून जॉनकडे आलं. त्यामुळे ‘लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन’ असं लिहिलेलं दिसलं, की लेखकाने दोघांना एकत्र शिवलं आहे हे समजावं. आणि 1842 मध्ये काबूलहून माघार घेताना सगळी फौज गमावून बसलेला जनरल एल्फिन्स्टन या दोघांपैकी कोणीच नाही. तो माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. घोळ वाढवायला काबूलच्या दरबाराकडे वकील म्हणून माउंटस्टुअर्टही गेला होता, पण ते 1808-09 मध्ये आणि तेही पेशावरपर्यंतच.