रेल्वे कामगारांचे संप आणि कामाच्या तासांचे वाद (कोल्हापूर–मिरज परिसर)

वेतन, कामाचे तास, जादा कामाचा मोबदला (ओव्हरटाइम) आणि विश्रांती यांसाठी रेल्वे कामगारांनी केलेले संप, ‘नियमानुसार काम’ (नियम अक्षरशः पाळून कामाची गती कमी करणे) आंदोलने आणि संघटनांमार्फत चाललेल्या वाटाघाटी. देशभरातील रेल्वे कामगारांना एकच कायदा आणि रेल्वे मंडळाचे एकच आदेश लागू असल्याने कोल्हापूरच्या पॉइंट्समनची (रूळ जोडणी बदलणाऱ्या कर्मचाऱ्याची) तक्रार आणि पश्चिम बंगालमधील खरगपूरच्या पॉइंट्समनची तक्रार मुळात सारखीच असते. मात्र एकेरी मार्ग, टोकाचे स्थानक आणि मधली लहान स्थानके यांमुळे कोल्हापूर–मिरज पट्ट्यात या प्रश्नाचा एक पैलू अधिक ठळक दिसतो. ओव्हरटाइमचा दर कायद्याने ठरलेला आहे. कोणता तास कामाचा धरायचा, यावर खरी लढाई होते.

कोल्हापूर संस्थानाच्या खर्चाने बांधलेला सुमारे 47 किमी. लांबीचा मिरज–कोल्हापूर मीटरगेज मार्ग 1891 मध्ये सुरू झाला. मालकी दरबारची होती, गाड्या मात्र सदर्न मराठा रेल्वे (1908 पासून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे) ही कंपनी चालवी. पुढे हा मार्ग 1951 मध्ये दक्षिण रेल्वेत, 1966 मध्ये सिकंदराबाद मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेत आणि 2003 मध्ये मध्य रेल्वेच्या नव्या पुणे विभागात गेला. रुंदमापी रूळ 1971 मध्ये आले. प्रशासन बदलले की संघटनाही बदलते, वाटाघाटीचे टेबलही बदलते. त्यामुळे 1974 च्या संपाच्या वेळी कोल्हापूरचा रेल्वे कर्मचारी मुंबईच्या मध्य रेल्वे कामगारांचा सहकारी नव्हता, तो दक्षिण मध्य रेल्वेचा नोकर होता. महाराष्ट्रातील संपाचा इतिहास मुंबईवरूनच लिहिला जातो, तेव्हा ही बाब हमखास सुटते.

तासांची वर्गवारी

रेल्वे कर्मचाऱ्याच्या कामाच्या तासांवर पहिली कायदेशीर मर्यादा 1930 च्या कायदादुरुस्तीने आणि 1931 च्या नियमांनी आली : सलग कामासाठी आठवड्याला 60 तास, अधूनमधूनच्या कामासाठी 84 तास. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनने संपाची तयारी केली, तेव्हा 1946 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. राजाध्यक्ष यांना लवाद म्हणून नेमण्यात आले. त्यांच्या 1947 च्या निवाड्याने तीव्र श्रमाच्या कामाला 45, सलग कामाला 54 आणि अधूनमधूनच्या कामाला 75 तास अशी मर्यादा घातली. 1989 च्या रेल्वे कायद्यातही हेच आकडे आहेत. 1969 मध्ये नेमलेल्या न्या. मियाभॉय न्यायाधिकरणाने प्रत्यक्ष रोस्टरचे (पाळीपत्रकात लावून दिलेले) तास आणखी खाली, अनुक्रमे 42, 48 आणि कमाल 72 असे आणले.

तासांबाबतचे आजचे बहुतेक वाद या आकड्यांमधून निघतात. ‘अधूनमधूनचे काम’ म्हणजे बारा तासांच्या पाळीत निम्मा वेळ किंवा त्याहून अधिक वेळ कर्मचारी रिकामा असतो, आणि त्यात सलग एक तासाचा एक किंवा अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन खंड मिळतात, असे काम. कर्मचारी त्याला थोडक्यात ‘ईआय’ (इसेन्शियली इंटरमिटंट) म्हणतात. कमी गाड्यांच्या मार्गावरील फाटकाचा विचार करा. तेथील गेटमन ईआय ठरला, तर बारा बारा तासांच्या सहा पाळ्या, म्हणजे 72 तास काम करूनही त्याचा ओव्हरटाइम शून्य. तेच काम ‘सलग’ ठरले, तर आठ तासांची पाळी लागते आणि फाटकावर दोनऐवजी तीन माणसे नेमावी लागतात. म्हणजे वर्गवारीच्या एका शब्दावर माणसाची झोप, घरी घालवायचा वेळ आणि तिसऱ्या माणसाची नोकरी अवलंबून असते. गाडी नसताना फाटकावर बसलेला माणूस रिकामा आहे, हे मानणे कठीण आहे : त्याला जागा सोडता येत नाही, झोपता येत नाही, टेलिफोन वाजला की उचलावाच लागतो. एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी गाडी थांबवून ठेवणाऱ्या लहान स्थानकाचा स्टेशन मास्तरही कागदावर निवांत दिसतो. प्रत्यक्षात त्या वेळी त्याच्या डोक्यात दोन्ही बाजूंच्या गाड्या असतात. वर्गवारी चुकली असे वाटल्यास कामाचे प्रत्यक्ष निरीक्षण (जॉब अॅनालिसिस) मागता येते आणि वाद केंद्रीय प्रादेशिक श्रम आयुक्तांकडे नेता येतो. रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव–तमदलगे, जयसिंगपूर अशा स्थानकांच्या मार्गावर गाड्या वाढतात, तसतसे जुने निरीक्षण कालबाह्य होते, म्हणून संघटना नव्या निरीक्षणाचा आग्रह धरतात.

ओव्हरटाइमची मोजणीही सरळ नाही. पाळीत काम करणाऱ्यांचे तास दोन आठवड्यांच्या सरासरीने धरले जातात. रोस्टरच्या पुढे, कायद्याच्या मर्यादेपर्यंतच्या तासांना दीडपट आणि मर्यादा ओलांडल्यावर दुप्पट दर मिळतो. समजा, 48 तासांच्या रोस्टरवरील कर्मचाऱ्याने पंधरवड्यात 112 तास भरले. पहिल्या 96 तासांचा नेहमीचा पगार, पुढच्या 12 तासांना दीडपट आणि शेवटच्या चार तासांना दुप्पट. सरासरीमुळे एका आठवड्यातले जादा तास दुसऱ्या आठवड्यातील कमी तासांत जिरून जातात, आणि सोमवारी सोळा तास राबलेल्या माणसाला पगारपत्रकात त्याचा मागमूसही सापडत नाही. गाडीवरील कर्मचाऱ्यांसाठी (रनिंग स्टाफ) ही मर्यादा पंधरवड्याला 104 तास आहे. त्यांना किलोमीटरवर आधारित रनिंग भत्ता, म्हणजे जुन्या भाषेत मायलेज, वेगळा मिळतो.

संप

तारा पाठवणाऱ्या सिग्नलरांनी 1899 मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेवर केलेला संप वेतन आणि कामाच्या तासांसाठीच होता. टिळकांच्या ‘केसरी’ने त्याला उघड पाठिंबा दिला. जीआयपीवरच 1930 मध्ये मोठा संप झाला. कोल्हापूर त्या मार्गावर नव्हते. पण संघटनेचा विचार येथे परका नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये मुंबईत परळ येथे कामगारांच्या सभेत संघटित होण्याचा सल्ला दिला होता. जुलै 1960 आणि सप्टेंबर 1968 मधील केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपांत रेल्वे कामगार सामील झाले.

वळण आले ते 1973 मध्ये. वाफेच्या इंजिनावरील ड्रायव्हर आणि फायरमन सलग चौदा तास किंवा त्याहूनही अधिक काम करीत. लोको रनिंग स्टाफच्या संघटनेने मे आणि ऑगस्टमध्ये काम थांबवले आणि ऑगस्टमध्ये ‘साइन ऑन’पासून ‘साइन ऑफ’पर्यंत (कामावर हजेरी लावल्यापासून काम सोडेपर्यंत) दहा तासांची मर्यादा सरकारने मान्य केली. आश्वासन मिळाले, अंमलबजावणी रखडली. हाच राग पुढच्या वर्षीच्या संपात उतरला.

देशव्यापी संप 8 मे 1974 रोजी सुरू झाला. ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस हे राष्ट्रीय समन्वय समितीचे निमंत्रक होते. (याच फर्नांडिसांनी 1967 मध्ये दक्षिण मुंबईत तेव्हाचे रेल्वेमंत्री स. का. पाटील यांचा पराभव केला होता.) आठ तासांची पाळी, गरजेवर आधारित किमान वेतन, बोनस, सार्वजनिक उद्योगांइतका पगार आणि हंगामी कामगारांना कायम करणे या मुख्य मागण्या होत्या. फर्नांडिस यांना 2 मे रोजीच लखनौत अटक झाली. सुमारे 17 लाख कर्मचाऱ्यांच्या या सेवेत भारत संरक्षण नियम आणि ‘मिसा’ (अंतर्गत सुरक्षा कायदा) यांखाली हजारो जणांना तुरुंगात टाकण्यात आले, रेल्वे वसाहतींतील कुटुंबांना घराबाहेर काढण्यात आले, कित्येक बडतर्फ झाले. काँग्रेसप्रणीत नॅशनल फेडरेशन ऑफ इंडियन रेल्वेमेन संपापासून दूर राहिले. 27 मे रोजी संप बिनशर्त मागे घेण्यात आला.

कोल्हापूरच्या दृष्टीने भूगोल निर्णायक होता. मिरजेला तेव्हा तीन मापांचे रूळ एकत्र येत : पुण्याहून व कोल्हापूरहून रुंदमापी, लोंढ्याकडून मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडून बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज. रेल्वे कामगारांची वस्ती मिरजेला एकवटलेली. कोल्हापूर हे पुढे मार्ग नसलेले शेवटचे स्थानक. त्यामुळे मिरज थांबले की कोल्हापूर आपोआप थांबते. गुळाचा मुख्य हंगाम मे महिन्याच्या आधीच सरत असल्याने, हाच संप हिवाळ्यात झाला असता तर शहराच्या बाजारपेठेला त्याची झळ कितीतरी अधिक बसली असती.

संप फसला, असे सर्रास लिहिले जाते. तात्काळ निकाल पाहिला तर ते खरे आहे, पण मागण्यांचे पुढे काय झाले ते पाहिले की हे मत टिकत नाही. जनता सरकारात रेल्वेमंत्री झालेले कोकणातील राजापूरचे खासदार मधु दंडवते यांनी संपात बडतर्फ झालेल्यांना पुन्हा कामावर घेतले. उत्पादकतेशी निगडित बोनस 1979-80 पासून रेल्वेत सुरू झाला. अलीकडे अनेक वर्षे तो 78 दिवसांच्या वेतनाइतका, पण महिना 7,000 रुपयांच्या हिशेबाने, म्हणजे कमाल 17,951 रुपये मिळत आला आहे. ज्यांनी त्यासाठी तुरुंगवास सोसला, त्यांचे ऋण दसऱ्याआधी ही रक्कम हाती घेणाऱ्या प्रत्येक घराने मानावे.

सध्याची व्यवस्था

1974 नंतर त्या व्याप्तीचा रेल्वे संप झालेला नाही. सातव्या वेतन आयोगानंतर 11 जुलै 2016 पासून संपाची हाक होती, ती मंत्र्यांच्या आश्वासनावर पुढे ढकलली गेली. त्याउलट एसटी कर्मचाऱ्यांचा ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 मधील दीर्घ संप कोल्हापूरकरांनी अनुभवला आहे. रेल्वेतील तक्रार मात्र 1952 पासून चालत आलेल्या कायम वाटाघाट यंत्रणेतून (पीएनएम) विभाग, झोन आणि रेल्वे मंडळ अशी वर चढते. कोल्हापूरसाठी हा रस्ता पुणे, मुंबई, दिल्ली असा आहे. वाटाघाटीचा हक्क मान्यताप्राप्त संघटनांनाच असतो आणि ही मान्यता गुप्त मतदानाने ठरते. असे मतदान 2007, 2013 आणि 2024 मध्ये झाले. मध्य रेल्वेवर सेंट्रल रेल्वे मजदूर संघ आणि नॅशनल रेल्वे मजदूर युनियन या दोन जुन्या संघटना आहेत. लोको पायलट (इंजिनचालक) आणि स्टेशन मास्तर यांच्या स्वतंत्र संघटना त्यांच्या बाहेरून दबाव आणतात.

सध्याच्या वादांत विश्रांतीचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. मुख्यालयातील (नेमणुकीच्या स्थानकावरील) 16 तासांची विश्रांती आणि 30 तासांची साप्ताहिक विश्रांती वेगवेगळी धरून एकूण 46 तास मिळावेत, अशी लोको पायलटांची मागणी आहे. 2024 मध्ये दक्षिण रेल्वेत त्यावरून आंदोलन झाले. झोप न झालेला लोको पायलट शेकडो प्रवासी घेऊन जातो, त्यामुळे हा प्रश्न महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री प्रवास करणाऱ्याचाही आहे. रात्रपाळी भत्त्यासाठी 2020 मध्ये 43,600 रुपये मूळ वेतनाची मर्यादा लागू झाली, तेव्हा स्टेशन मास्तरांनी निषेध केला. रात्र मूळ वेतन पाहून कमी-जास्त जड होत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. स्थानकाची सफाई करणारे कंत्राटी कामगार या साऱ्या चौकटीच्या बाहेर राहतात : त्यांचे तास कंत्राटदाराच्या हजेरीपटावर मोजले जातात आणि मान्यतेच्या मतदानात त्यांना मत नसते.