घरगुती जलतरण तलावातील क्लोरीन (कोकण किनारा)

जलतरण तलावाच्या पाण्यातील रोगजंतू मारण्यास पुरेल, पण डोळ्यांना व त्वचेला अपाय करणार नाही इतका मुक्त (घाण-घामाशी संयोग न पावलेला) क्लोरीन, म्हणजे साधारणतः लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम, घरगुती तलावासाठी सुरक्षित मानला जातो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार किमान ०.२ मिलिग्रॅम पुरतो. तलावात मात्र पोहणाऱ्यांचा घाम, अंगावरचे तेल आणि लघवी मिसळत राहून क्लोरीन सतत खर्च होतो.

१ ते ३ मिलिग्रॅमचा हा आकडा सामूवाचून (पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणाऱ्या पीएच अंकावाचून) अपुरा आहे. सामू ७.५ च्या आसपास असताना मुक्त क्लोरीनपैकी निम्मा भागच हायपोक्लोरस आम्लाच्या प्रभावी रूपात असतो आणि ८ वर तो सुमारे एक-चतुर्थांशच उरतो. म्हणून सामू ७.२ ते ७.८ दरम्यान राखावा.

अलिबाग, गुहागर, मालवण भागातील बंगल्यांचे तलाव बहुधा विहिरीच्या पाण्यावर भरतात. जांभ्या खडकातले पाणी अनेकदा किंचित आम्लधर्मी आणि लोहयुक्त असते. त्यातील लोह क्लोरीन खाते व पाणी तांबूस होते. उन्हाळ्यात उघड्या तलावातील क्लोरीन उन्हामुळे काही तासांत उडतो. तो टिकवण्यासाठी सायन्युरिक आम्ल (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारे रसायन) वापरल्यास मुक्त क्लोरीन किमान २ मिलिग्रॅम ठेवावा लागतो.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ताजी असताना तिच्यात सुमारे एक-तृतीयांश उपलब्ध क्लोरीन असतो, त्यामुळे ५०,००० लिटर पाण्यात २ मिलिग्रॅमची वाढ करण्यास सुमारे ३०० ग्रॅम लागते. पावसाळ्याच्या दमट हवेत उघडी राहिलेली पावडर झपाट्याने निकामी होते, तेव्हा वजनावर विसंबण्यापेक्षा चाचणी करणेच योग्य. पावडर बादलीत कालवून वरची निवळी तलावात सोडतात. तिने सामू वाढतो. आम्ल किंवा ट्रायक्लोरच्या (दुसऱ्या एका क्लोरीन-रसायनाच्या) गोळ्यांशी तिचा संपर्क कदापि होऊ देऊ नये, कारण विषारी वायू सुटतो, स्फोटही होऊ शकतो.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक वापरतो ती ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी मुक्त व संयुक्त मिळून एकूण क्लोरीन दाखवते. घाम-लघवीशी संयोग पावून बनलेले क्लोरामाइनही या चाचणीत पाणी पिवळे करतात, म्हणून तलावासाठी मुक्त क्लोरीन वेगळा मोजणारी डीपीडी चाचणीच धरावी. डोळे झोंबवणारा उग्र वास याच क्लोरामाइनचा असतो. तो आला म्हणून क्लोरीन कमी करणे ही घातक समजूत आहे.

क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी १ मिलिग्रॅम क्लोरीनमध्ये आठवड्याहून अधिक टिकतो. यावर नेहमीची मात्रा चालत नसल्याने, त्याची लागण झालेल्या मुलाला जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे तलावात उतरवू नये.