नाकावरचा गॅस आणि पूर्ण भूल

‘गॅस देऊन दात करू’ म्हटलं की काही पालक धास्तावतात, काहींना वाटतं, चला, झोपेत उरकेल. दोघांचाही घोळ एकच: खुर्चीवरचा गॅस आणि पूर्ण भूल, मास्क दोन्हीकडे असतो, पण गॅस वेगळा.

दंतवैद्याच्या खुर्चीवर मिळतो तो नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस. मास्क फक्त नाकावर. आधी एक-दोन मिनिटं निव्वळ ऑक्सिजन, मग नायट्रस १०-१० टक्क्यांनी वाढवायचा. बहुतेकांचं ३० ते ४० टक्क्यांत भागतं. ५०च्या वर सहसा जात नाहीत. बोटांना मुंग्या येतात, आवळलेली मूठ सुटते. मूल जागं असतं, ‘आ कर’ म्हटलं की करतं. तोंड आपोआप मिटू लागलं किंवा मळमळ, घाम सुरू झाला, की प्रमाण जास्त झालंय, कमी करा. शेवटी पाच मिनिटं पुन्हा ऑक्सिजन, की स्वारी चालत घरी.

एकट्या नायट्रसने शस्त्रक्रियेइतकी भूल द्यायची तर साधारण १०४ टक्के लागेल, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाला अशक्यच. तो भीती उतरवतो. दुखण्यासाठी हिरडीत बधिर करायचं इंजेक्शन द्यावंच लागतं. रडणारं मूल तोंडाने श्वास घेतं, तेव्हा गॅस वाया जातो. नाक चोंदलं असेल तरी तेच. कान दुखत असेल किंवा बी-१२ कमी असेल (शाकाहारी घरांत हे बरंच आढळतं), तर आधीच सांगा.

पूर्ण भूल हे ऑपरेशन थिएटरचं काम. तिथला गॅस बहुधा सेव्होफ्लुरेन, मास्क नाक-तोंड दोन्हींवर. मूल झोपलं की सलाईन, मग श्वासनलिकेत नळी, बहुधा नाकातून, कारण तोंड दंतवैद्याला मोकळं हवं. भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत जागेवर. दोन-तीन वर्षांच्या मुलाचे सात-आठ दात किडले असतील, तर हाच मार्ग शहाणपणाचा. एक-दोन दात आणि सांगितलेलं ऐकणारं मूल असेल, तर नायट्रस पुरतो.

गडबड होते ती उपाशी राहण्यात. पूर्ण भुलीआधी जेवण ६ तास बंद, आईचं दूध ४ तास, पाणी २ तास. गाईचं किंवा पावडरचं दूध जेवणात धरतात. ‘रडत होता म्हणून अर्धा कप दूधच दिलं’ हे दारात कळलं की ऑपरेशन पुढे ढकललं जातं, कारण बेशुद्धीत ते दूध उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. नायट्रसला इतका कडक उपास लागत नाही. दोन तास आधी हलकं खाणं बहुधा चालतं. सर्दी-खोकला असेल तर मात्र दोन्हींसाठी आदल्या दिवशीच फोन करा.