‘सहा महिन्यांचं होऊ दे, मग शिकवू’ हे आलं कुठून?

कुत्र्याला शिकवायची घाई करू नये, सहा महिन्यांनंतर बघावं, हा सल्ला आजही सोसायटीच्या बागेत हमखास मिळतो. देणाऱ्याचं स्वतःचं कुत्रं बहुधा शहाण्यासारखं शेजारी बसलेलं असतं, त्यामुळे वादही घालता येत नाही. पण हा सल्ला घरातल्या पिल्लाकडे बघून कुणी तयार केलेला नाही. तो आला पोलिसांच्या आणि लष्कराच्या कुत्र्यांकडून.

कोनराड मोस्ट हा जर्मन पोलीस अधिकारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने पोलिसांसाठी कुत्री तयार करायला घेतली आणि १९१० मध्ये त्याचं प्रशिक्षणावरचं पुस्तक निघालं. शाबासकी त्यातही होती, पण भर सक्तीवर होता : पट्ट्याचा हिसका, छडी, काटेरी गळपट्टा. पुढे पहिलं महायुद्ध आलं आणि या पद्धतीला लष्करी शिस्तीचं वजन मिळालं. अमेरिकेत १९३३ मध्ये हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी आज्ञापालनाची पहिली मोठी स्पर्धा भरवली. पूडल म्हणजे नुसतं शोभेचं कुत्रं नव्हे, हे त्यांना दाखवायचं होतं. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अशा स्पर्धांना मान्यता दिली आणि शिकवलेलं कुत्रं पाळणं ही घरगुती हौस झाली. शिकवण्याची रीत मात्र तीच राहिली. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी आणि नंतर डिस्नेच्या चित्रपटांसाठी कुत्री तयार करणाऱ्या विल्यम केलरने १९६२ मध्ये ती पुस्तकात बांधली. हातात साखळी, ती आवळायची, की कुत्रं ऐकतं.

सहा महिन्यांचं गणित इथलं आहे. असा हिसका दोन महिन्यांच्या मानेला झेपत नाही, म्हणून पिल्लू मोठं व्हायची वाट पाहायची. शिकण्याची अक्कल तेव्हा येते असं कुणी सिद्ध केलं नव्हतं.

आपल्याकडेही शिक्षण याच वाटेने आलं. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत नावाजलेला ‘झंजीर’ हा लॅब्रडॉर पुण्याच्या शिवाजीनगरला, गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झाला होता. पोलिसांतून किंवा लष्करातून निवृत्त झालेले ट्रेनर पुढे घरोघरी शिकवण्या घेऊ लागले. त्यांचा हात पक्का असतो, यात शंका नाही. पण ते ज्या कामात मुरले ते काम मोठ्या, निवडून घेतलेल्या कुत्र्यांचं. दिवाणखान्यात शू करणाऱ्या, पायजम्याला लोंबकळणाऱ्या पिल्लाचा त्या कामाशी संबंध नव्हता.

‘मालक कोण ते दाखवून द्या’ या दुसऱ्या हमखास सल्ल्याची कुळकथा याहून गमतीची आहे. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ मध्ये वर्चस्वासाठीच्या चढाओढीचं वर्णन केलं. लांडग्यांचा अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक याच्या १९७० च्या पुस्तकाने ते सर्वदूर नेलं, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातल्या साधूंनी १९७८ मध्ये कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरण्याचा उपाय छापला. नंतर खुद्द मेकनेच जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ मध्ये लिहिलं, की कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, तिथे सिंहासनाची मारामारी नसते. साधूंनीही उताणं पाडण्याचा सल्ला मागे घेतला. सोसायटीच्या बागेपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

या सगळ्या काळात पिल्लाच्या पहिल्या तीन महिन्यांकडे बघणारे लोक वेगळ्याच ठिकाणी होते. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातल्या बार हार्बर गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी बीगल, कॉकर स्पॅनियल, बसेंजी, शेटलंड शीपडॉग आणि फॉक्स टेरियर अशा पाच जातींची पिल्लं जन्मापासून वाढवून त्यांच्या वागण्याचा अभ्यास केला. खरं तर त्यांना स्वभावातला आनुवंशिकतेचा वाटा शोधायचा होता. हाती लागलं ते त्याहून उपयोगाचं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू कोणाला आपलं मानायचं आणि कशाला घाबरायचं हे ठरवत असतं.

तिथल्याच एका प्रयोगाचे निष्कर्ष फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. उंच कुंपणाच्या एकरभर आवारात पिल्लं आईसोबत ठेवली, माणसाचं दर्शनही होणार नाही अशी. मग काहींना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात एकेक आठवडा माणसांत आणलं. अगदी लहानांना माणसात रस नव्हता. पाच ते नऊ आठवड्यांची पिल्लं लवकर रुळली, त्यातही मोठ्यांना थोडा वेळ लागला. ज्यांनी चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस पाहिलाच नव्हता ती पुढेही रानटीच राहिली. कॅलिफोर्नियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेतल्या क्लॅरेन्स फाफेनबर्गरने स्कॉटशी संधान बांधलं, पिल्लांच्या चाचण्या सुरू केल्या, ती वेळेत कुटुंबांत वाढायला पाठवली आणि त्यावर १९६३ मध्ये पुस्तक लिहिलं. म्हणजे माहिती तेव्हाच उघड झाली होती. घरगुती मालकापर्यंत ती का पोचली नाही, याचं एक कारण हिसकेवाली पद्धत, आणि दुसरं एक विषाणू.

१९७८ मध्ये कुत्र्यांतला पार्व्हो ओळखला गेला. मांजरांच्या एका विषाणूशी नातं असलेला हा रोग दोनेक वर्षांत जगभर पसरला. रक्ती हगवण, उलट्या, आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. मातीत हा विषाणू महिनोन् महिने टिकतो. लस आली, पण तिच्यात एक अडचण होती. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारद्रव्यं लसीलाच निकामी करतात, आणि ती कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत सोळाव्या आठवड्यापर्यंत जायचं. तोवर पिल्लू घरात. डॉक्टरांचं चुकत नव्हतं, त्यांनी पिल्लं मरताना पाहिली होती. पण माणसं, वाहनं, इतर कुत्री यांची ओळख व्हायची वेळ नेमकी याच आठवड्यांत संपते. रोगापासून वाचलेलं पिल्लू मग लिफ्टला घाबरतं, पाहुण्यांवर भुंकतं, ढोल-ताशे सुरू झाले की पलंगाखाली जातं.

इयन डनबार हा इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेला पशुवैद्य. स्वतःच्या पिल्लाला घेईल असा वर्ग त्याला सापडेना, कारण सगळीकडे सहा महिन्यांची अट. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने बर्कलीत स्वतःच वर्ग काढला. पट्टा सोडलेली पिल्लं, हातात खाऊ, मधूनमधून खेळ. खाऊचं तंत्रही नवं नव्हतं. मानसशास्त्रज्ञ स्किनरचे विद्यार्थी केलर ब्रेलंड (साखळीवाला केलर वेगळा) आणि त्याची बायको मॅरियन यांनी ते १९४० च्या दशकातच कोंबड्यांपासून कुत्र्यांपर्यंत वापरलं होतं. पिल्लांचे वर्ग मात्र डनबारनंतर रुजले. आणि २००८ मध्ये अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने जाहीर भूमिका घेतली : पहिली लस झाल्यावर किमान सात दिवसांनी, म्हणजे सात-आठ आठवड्यांच्या वयातही, पिल्लाला वर्गात न्यायला हरकत नाही.

आपल्या शहरांत हे जसंच्या तसं लागू करणं धोक्याचं ठरेल. रस्त्यावर लस न झालेली कुत्री असतात आणि माती सगळ्यांची सामाईक. त्यामुळे पिल्लाला कडेवर घेऊन फाटकापर्यंत जावं, रिक्षा, शाळेची मुलं, भाजीवाला लांबून दाखवावा, लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्याला घरी बोलवावं. कुकरची शिट्टी आणि मिक्सर घरात आहेतच. धनगरांच्या वाड्यावर जन्मलेल्या पिल्लाला यातलं काही वेगळं लागत नाही. डोळे उघडल्यापासून मेंढरं, घोडी, पोरं त्याच्या अवतीभवतीच असतात.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आपल्याकडच्या जाहिरातींत मात्र ‘४५ दिवसांचं पिल्लू’ हा शब्दप्रयोग सर्रास असतो. पंचेचाळीस आणि छप्पन्न यांमधले दिवस पिल्लू भावंडांशी मस्ती करत, किती जोरात चावलं की समोरचं केकाटून खेळ सोडतं, हे शिकत असतं. ते न शिकता घरी आलं, की महिन्याभरात घरचे ट्रेनरला फोन करतात : फार चावतं हो. आणि फोनवरचा पहिला प्रश्न अजूनही पुष्कळदा हाच असतो, सहा महिन्यांचं झालंय का?