रोमचा तलाव आणि जलतरणाचे तीन नियम

2009 ची जागतिक जलतरण अजिंक्यपद स्पर्धा आठवते ती 43 विश्वविक्रमांसाठी. ती झाली रोममध्ये, तिबेर नदीकाठच्या फोरो इतालिको संकुलात. मुसोलिनीच्या काळात उभारलेल्या या संकुलातला उघडा तलाव 1960 च्या ऑलिंपिकसाठी बांधला गेला. पुढे 1994 आणि 2009 च्या जागतिक स्पर्धाही इथेच भरल्या. तिन्ही वेळा वाद झाला, आणि या खेळाच्या आजच्या नियमांमागे ते तिन्ही वाद आहेत.

1960 मध्ये पुरुषांच्या 100 मीटर फ्रीस्टाइलमध्ये ऑस्ट्रेलियाचा जॉन डेविट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकदमच पोहोचले. तेव्हा क्रम ठरायचा पंचांच्या नजरेने: तिघे पहिला क्रमांक बघत, तिघे दुसरा. दोन्ही गटांची मते जमेस धरली तर तीन-तीन अशी बरोबरी होती. हातातली घड्याळे मात्र लार्सनच्या बाजूने होती. त्याच्यासाठी 55.0, 55.1, 55.1 सेकंद, तर डेविटसाठी तिन्ही 55.2. मुख्य पंचांनी, नियमात तसा अधिकार नसताना, डेविटला कौल दिला आणि लार्सनची वेळ वाढवून 55.2 लिहिली गेली. हा निर्णय आजही समर्थनीय वाटत नाही.

हात टेकताच वेळ नोंदणारे टचपॅड वापरात आले 1967 मध्ये, कॅनडातल्या विनिपेगच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत. साधारण 2.4 मीटर रुंद आणि 90 सेंटिमीटर उंच पट्टी प्रत्येक मार्गिकेच्या भिंतीवर बसवतात. 30 सेंटिमीटर पाण्याच्या वर, 60 खाली. लाटेने ती सुरू होत नाही, हाताचा दाब लागतो. गडबड होते ती इथेच. बोटे हलकी टेकली किंवा पट्टीच्या वर लागली, तर वेळ नोंदली जात नाही. म्हणून वेळाधिकाऱ्यांची बटणे आणि कॅमेरा आजही राखीव ठेवतात.

1994 मध्ये महिलांच्या 16 पैकी 12 सुवर्णपदके चीनने जिंकली. संशयाची कुजबुज तलावाकाठीच सुरू झाली. महिनाभरातच हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेच्या सुमारास चीनचे 11 खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडले, त्यांत सात जलतरणपटू. रोममधल्या दोन विजेत्याही त्यांत होत्या, यांग आयहुआ आणि लू बिन. स्पर्धेच्या दिवसापुरती चाचणी पुरत नाही, कारण उत्तेजके घेतली जातात सरावाच्या महिन्यांत. अवचित चाचण्यांची मागणी त्यातून जोर धरू लागली.

तिसरा वाद पोशाखाचा. 2008 मध्ये पॉलीयुरेथेन या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे पट्टे लावलेले सूट आले, 2009 मध्ये पूर्ण पॉलीयुरेथेनचे. ते शरीर आवळून धरतात, पाण्याचा अवरोध कमी करतात आणि थोडी हवा अडकवून अंग वर उचलतात. थकल्यावर कंबर खाली जाते आणि वेग तिथेच पडतो. सूट नेमके तेच थोपवत होते. ते तंगही इतके, की अमेरिकेच्या रिकी बेरेन्सचा सूट रोममध्ये रिलेच्या शर्यतीतच फाटला.

जर्मनीचा पॉल बीडरमान बीजिंग ऑलिंपिकच्या 200 मीटर फ्रीस्टाइलमध्ये 1:46.00 वेळेसह पाचवा होता. रोममध्ये त्याने 1:42.00 वेळ देऊन मायकेल फेल्प्सला हरवले. एका वर्षात चार सेकंद निव्वळ सरावाने कमी होत नाहीत. गंमत म्हणजे तलावातल्या शर्यती सुरू होण्यापूर्वी, 24 जुलैलाच, फिना या जागतिक जलतरण संघटनेच्या सभेने हे सूट बंद करायचे ठरवले होते, 168 विरुद्ध 6 मतांनी. बंदी मात्र 1 जानेवारी 2010 पासून. उरलेल्या वेळात सगळ्यांनी हात धुऊन घेतले.

नव्या नियमानुसार सूट विणलेल्या कापडाचाच हवा, जाडी जास्तीत जास्त 0.8 मिलिमीटर, चेन नको. पुरुषांसाठी बेंबीखालून गुडघ्यापर्यंत, महिलांसाठी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत.

विक्रम मात्र रद्द केले गेले नाहीत. ब्राझीलच्या सेझार सिएलोचा रोममधला 100 मीटर फ्रीस्टाइलचा 46.91 हा विक्रम तेरा वर्षे टिकला. 2022 च्या युरोपीय स्पर्धेत, याच तलावात, रुमानियाच्या सतरा वर्षांच्या डेव्हिड पोपोविचीने तो 46.86 वर आणला, कापडी सूटमध्ये. बीडरमानचा 200 मीटर फ्रीस्टाइलचा, चीनच्या झांग लिनचा 800 मीटर फ्रीस्टाइलचा आणि अमेरिकेच्या आरोन पीअरसोलचा 200 मीटर बॅकस्ट्रोकचा विक्रम 2025 च्या सिंगापूर जागतिक स्पर्धेनंतरही तसेच उभे होते.